सभा, ठराव आणि गावकरी
(चौलच्या निमित्ताने ग्रामसभेचा एक अभ्यास)

— तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र

राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्थानिक स्वराज्य संस्थांवर एक प्रकरण असते. परीक्षेच्या दृष्टीने आपण ते पाठ करतो : त्रिस्तरीय रचना, बलवंतराय मेहता समिती, ७३ वी घटनादुरुस्ती, सरपंचाची कर्तव्ये. उत्तरपत्रिकेत ही सारी माहिती व्यवस्थित उतरते. परंतु आपल्याच गावची ग्रामसभा मागे केव्हा भरली, तिच्यापुढे कोणते विषय होते आणि कोणते ठराव झाले, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. पुस्तकातील पंचायत आणि गावातील पंचायत यांच्यात पडलेले हे अंतर थोडे कमी व्हावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणासाठी अलिबाग तालुक्यातील चौल हे गाव घेतले आहे. अलिबागच्या दक्षिणेस नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेले हे गाव आपल्या परिसरातील सर्वांच्या परिचयाचे आहे; आणि 'सभा' या संस्थेची इतकी निरनिराळी रूपे पाहिलेली गावे कोकणात फार नसतील.

चौलने पाहिलेल्या सभा

चौल हे एके काळी मोठे बंदर होते. टॉलेमीने 'सिमुल्ला' या नावाने त्याचा उल्लेख केला आहे. इ. स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब प्रवासी येथे आला होता. त्याने या बंदराला 'सैमूर' म्हटले आहे. येथे राहणाऱ्या परदेशी मुसलमान व्यापाऱ्यांचे आपापसांतील व्यवहार पाहण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख राजाने नेमलेला असे, असे तो सांगतो. पुढे शिलाहार राजांच्या अनेक ताम्रपटांत राजा आपली आज्ञा ज्यांना कळवतो त्यांत नगरवासी, पौरजन आणि 'हंयमन' यांचा समावेश असतो. 'हंयमन' म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांची अंजुमन, अर्थात मंडळ, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. शिलाहार राजा अनंतदेव याच्या खारेपाटण येथे सापडलेल्या इ. स. १०९४ च्या ताम्रपटात ज्या बंदरांवरील जकातीची माफी नोंदली आहे, त्यांत ठाणे, नागपूर नावाचे एक बंदर व सोपारे यांच्याबरोबर चेमुली म्हणजे आपले चौलही आहे. राजाने जकात माफ केली तर ती नगरातील मंडळींना कळवावी लागत असे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

पोर्तुगिजांनी १५२१ साली निजामशाहीच्या संमतीने खालच्या चौलात, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधण्यास सुरुवात केली. त्यांच्या तटबंदीच्या नगरात गोवे, वसई याप्रमाणे 'कामारा' म्हणजे नगरसभा होती. मात्र ती तेथे घरदार करून राहिलेल्या विवाहित पोर्तुगिजांची होती. तटाबाहेरच्या वरच्या चौलातील कोष्टी, माळी, भंडारी, कोळी यांना त्या सभेत स्थान नव्हते. १७४० साली हा मुलूख मराठ्यांकडे आला. मराठेशाहीत वतन, हद्द, वारसा यांचे तंटे गोतसभेपुढे चालत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्यावर वतनदार व बलुतेदार आपापल्या सह्या आणि निशाण्या करीत. कुणब्याची निशाणी नांगर असे. परंतु गावात वतन नसलेल्या उपऱ्याच्या शब्दाला तेथे वजन नसे.

या सर्व सभांचा काळ वेगळा, राज्यकर्ते वेगळे. तरी त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती. सभेत कोणी बसावयाचे हे जन्माने, धर्माने, धंद्याने अथवा वतनाने ठरत असे. स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता. चौलच्या हजार वर्षांच्या इतिहासात गावातील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला केवळ तेथील रहिवासी म्हणून सभेत बसण्याचा, बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क मिळाला तो अगदी अलीकडे, ग्रामसभेच्या रूपाने. ज्या हक्कासाठी कोणाला स्वतंत्रपणे भांडावे लागले नाही, त्याचे मोल बहुधा कमी वाटते. ग्रामसभेचे काहीसे तसेच झाले आहे.

कायदा काय सांगतो?

मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतीचा पहिला स्वतंत्र कायदा १९२० साली झाला. आज लागू असलेला कायदा १९५८ चा आहे. तो पूर्वी 'मुंबई ग्रामपंचायत अधिनियम' या नावाने ओळखला जाई. आता त्याचे नाव 'महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम' असे आहे. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात आली आणि ग्रामसभेला थेट राज्यघटनेत स्थान मिळाले.

गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी निवडून यावे लागत नाही, वर्गणी भरावी लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही. मतदानाचे वय १९८९ पासून २१ वरून १८ वर आले. म्हणजे आपल्या महाविद्यालयातील द्वितीय व तृतीय वर्षाचे बहुतेक विद्यार्थी, मतदारयादीत नाव असल्यास, आजच आपापल्या ग्रामसभेचे सदस्य आहेत. ज्यांचे नाव यादीत नाही त्यांनी ते प्रथम नोंदवून घ्यावे, हे ओघानेच आले.

येथे शहराशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. मुंबई महानगरपालिकेची सभा नागरिकांना प्रेक्षक म्हणून पाहता येते. परंतु तेथे बोलण्याचा आणि मत देण्याचा अधिकार फक्त नगरसेवकांना असतो. मार्च १९२२ नव्हे तर अगदी परवाच्या मार्च २०२२ मध्ये त्या महानगरपालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात ऐकण्यासाठी नगरसेवकांची सभाही नव्हती. शहरांतही मतदारांच्या 'क्षेत्रसभा' भराव्यात अशी तरतूद २००९ साली महाराष्ट्राने कायद्यात केली, पण ती बहुतांशी कागदावरच राहिली. चौलमधील एखादा तरुण नोकरीसाठी मुंबईला जाऊन तेथला मतदार होतो, तेव्हा गावात सहज मिळालेला एक अधिकार तो मागे ठेवून जातो, असे म्हणावयास हरकत नाही.

मासिक सभा आणि ग्रामसभा

या दोन सभांत नेहमी गल्लत केली जाते. मासिक सभा ही निवडून आलेल्या सरपंच-सदस्यांची असते. रोजचा कारभार, खर्चाची मंजुरी, आलेल्या अर्जांचा विचार अशी कामे तीत चालतात व मताचा अधिकार सदस्यांनाच असतो. ग्रामसभा ही सर्व मतदारांची असते. आर्थिक वर्षात तिच्या किमान चार सभा झाल्याच पाहिजेत. सामान्यतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी अथवा त्यांच्या आगेमागे त्या घेतल्या जातात. पुरेशा कारणाशिवाय सभा न बोलावणाऱ्या सरपंचाला पदास मुकावे लागू शकते, इतके महत्त्व कायद्याने तिला दिले आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी महिला मतदारांची स्वतंत्र सभाही घ्यावयाची असते.

ग्रामसभेची कामेही काही थोडीथोडकी नाहीत. वर्षाचा जमाखर्च व कारभाराचा अहवाल तिच्यापुढे ठेवावा लागतो. गावचा विकास आराखडा तिने मंजूर करावयाचा असतो. घरकुलासारख्या योजनांच्या लाभार्थ्यांची यादी तिच्यापुढे येते. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, केंद्राचे अनुदान मोठ्या प्रमाणावर ग्रामपंचायतींच्या हाती येऊ लागले, आणि त्याबरोबर हा आराखडा अधिकच महत्त्वाचा झाला. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानापैकी ६० टक्के रक्कम 'बंधित' होती; ती पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करावयाची होती. उरलेली ४० टक्के 'अबंधित' रक्कम गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होती. गावाची गरज कोणती, हे कोणी सांगावयाचे, तर ग्रामसभेने.

सभेपूर्वीची तयारी

सभेत हजर राहिले की आपले कर्तव्य संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक नागरिकाचे खरे काम सभेच्या आधी आणि सभेनंतर असते; सभा हा त्यातला मधला, दोन-तीन तासांचा भाग. या लेखाचे मुख्य सांगणे हेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नोटीस वाचणे. सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते व पंचायतीच्या फलकावर लागते. पूर्वी दवंडी पिटली जाई. आता भ्रमणध्वनीवरही निरोप फिरतो. नोटिशीत सभेची तारीख, वेळ, जागा आणि विषयपत्रिका असते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्च वाचून मंजूर करणे, शासकीय परिपत्रकांचे वाचन, योजनांचे लाभार्थी आणि शेवटी 'ऐनवेळी येणारे विषय', असा तिचा साधारण क्रम असतो. या शेवटच्या शीर्षकाखाली पुष्कळदा महत्त्वाचे विषय उरकले जातात. तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात. म्हणून आपला विषय ऐनवेळी मांडण्याऐवजी नोटीस निघण्यापूर्वीच लेखी अर्ज देऊन विषयपत्रिकेत घालण्याची विनंती करावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच घेतलेला अर्ज आणि तोंडी सांगितलेले गाऱ्हाणे यांत फार फरक आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे हिशेब पाहणे. पंचायतीचे दप्तर ठराविक नमुन्यांत ठेवलेले असते. नमुना १ हे अंदाजपत्रक, नमुना ५ ही रोकड वही, नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही. घरपट्टीच्या कामामुळे नमुना ८ चे नाव घरोघर ठाऊक असते. नमुना १ मात्र फारच थोड्यांनी पाहिलेला असतो. अंदाजपत्रकातील रकमेशी रोकड वहीतील प्रत्यक्ष खर्च ताडून पाहण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बेरीज-वजाबाकी येणे पुरेसे आहे. २०२० साली सुरू झालेल्या 'ई-ग्रामस्वराज' या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर पंचायतीचा आराखडा व खर्चाच्या नोंदी घरबसल्याही पाहता येतात. ज्येष्ठ मंडळींना हे काम अवघड वाटते. विद्यार्थ्यांनी ते करून त्यांना समजावून सांगितले तर आपल्या शिक्षणाचा गावाला काही उपयोग झाला असे होईल.

गणपूर्तीचे गणित

सभा वैध होण्यासाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार उपस्थित असावे लागतात. ५०० मतदारांच्या लहान गावात ही संख्या ७५ होते. मतदार ६६७ वर गेले की पुढे गाव कितीही मोठे असो, १०० लोक पुरतात. म्हणजे ४,००० मतदारांच्या गावात शंभरातल्या अडीच माणसांनी सभा भरते. आता यापुढील नियम पाहा. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते.

या नियमामागचा हेतू समजण्यासारखा आहे. लोक आले नाहीत म्हणून गावचे काम अडून राहू नये. पण त्याचा परिणाम काय होतो? "कोणी जात नाही, मी एकट्याने जाऊन काय होणार?" असे म्हणून जे घरी बसतात, त्यांच्या गैरहजेरीमुळे सभा रद्द होत नाही, ती केवळ लहान होते. दहा-वीस माणसांनी केलेला ठराव हा चार हजार मतदारांचा ठराव म्हणून दप्तरात नोंदला जातो. नंतर "आम्हांला कोणी विचारलेच नाही" ही तक्रार कायद्याच्या दृष्टीने टिकत नाही, कारण नोटीस लागलेली असते. गैरहजर राहणे हे तटस्थ राहणे नसून आपले मत हजर असलेल्यांच्या हवाली करणे होय, हे या साध्या गणितावरून ध्यानात येईल.

सभेत कसे बोलावे?

सभेचे अध्यक्षस्थान सामान्यतः सरपंचाकडे, त्यांच्या अनुपस्थितीत उपसरपंचाकडे असते. बोलणे अध्यक्षांना उद्देशून असावे, एका वेळी एकाच विषयावर असावे आणि शक्यतो त्याचा शेवट ठरावाच्या सूचनेत व्हावा. ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक असतो. म्हणून सभेला जाताना निदान एका शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवणे हिताचे असते.

ठराव कसा मांडला जातो यावर त्याचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते. समजा, एखाद्या आळीतील सार्वजनिक विहीर गाळाने भरली आहे. "गावातील पाण्याचा प्रश्न सोडवण्यात यावा" असा ठराव झाला तर सर्वांचे समाधान होते आणि कोणावरच काही बंधन येत नाही. याऐवजी "अमुक आळीतील सार्वजनिक विहिरीचा गाळ मे महिन्याच्या अखेरीपूर्वी काढून कठड्याची दुरुस्ती करावी, खर्च पाणी व स्वच्छतेच्या निधीतून करावा, कामावर देखरेख ठेवण्यासाठी आळीतील दोन स्त्रिया व एक पुरुष यांची नावे ही सभा सुचवीत आहे, आणि पूर्ण झालेल्या कामाचा हिशेब पुढील ग्रामसभेत ठेवावा" असा ठराव झाला, तर काय करावयाचे, केव्हा, कोणत्या पैशातून आणि कोणी पाहावयाचे, हे चारही प्रश्न सुटतात. पुढील सभेत विचारण्यासाठी हाती काहीतरी राहते.

स्त्रियांच्या सहभागाचा येथे वेगळा उल्लेख करणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरीही सर्वसाधारण ग्रामसभेत मागच्या रांगेत बसलेल्या स्त्रिया फारशा बोलत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. पाणी कोण भरते, रेशनच्या दुकानात रांगेत कोण उभे राहते आणि अंगणवाडीत मूल कोण सोडते, याचा विचार केला तर या विषयांवर साक्षीदार म्हणून प्रथम त्यांचेच ऐकले पाहिजे. महिला सभा त्यासाठीच आहे. तिच्यात झालेले ठराव मुख्य सभेत वाचले जातील, एवढी दक्षता आपल्या वर्गभगिनींनी घेतली तर पुष्कळ काम होईल.

सभेनंतर

सभा संपल्यावर बोललेले शब्द हवेत विरतात. उरते ते इतिवृत्त. सभेचे इतिवृत्त ग्रामसेवक लिहितात. (या पदाला आता 'ग्रामपंचायत अधिकारी' असे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला आहे.) जे वहीत आले नाही ते सभेत झालेच नाही, असेच पुढे समजले जाते. म्हणून सभा उठण्यापूर्वी महत्त्वाचा ठराव वाचून दाखवण्याची विनंती करावी, त्याचा क्रमांक टिपून घ्यावा आणि काही दिवसांनी त्याची प्रत मागावी. प्रत सहजासहजी मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहेच. महाराष्ट्राने असा कायदा २००२ सालीच केला होता. २००५ साली तो देशभर झाला. साध्या कागदावर अर्ज आणि १० रुपये शुल्क दिल्यावर ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. न मिळाल्यास अपील करता येते.

पुढच्या सभेचा पहिला विषय 'मागील इतिवृत्त कायम करणे' हा असतो. तो बहुधा "मंजूर, मंजूर" अशा आवाजात निकालात निघतो. खरे म्हणजे तीच विचारण्याची वेळ असते : ठराव क्रमांक अमुक, त्याचे पुढे काय झाले? हा एक प्रश्न दर सभेत शांतपणे आणि न चुकता विचारणारा एक जरी माणूस गावात असला तरी कारभाराला शिस्त लागते.

ठरावाचे सामर्थ्य : काही उदाहरणे

सभेतील ठरावाने काय होऊ शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या तालुक्यातच आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे परिसरातील २५ गावांतील शेतकऱ्यांची सभा भरली आणि खोतांची जमीन कसावयाची नाही असा निर्णय झाला. नारायण नागू पाटील हे या लढ्याचे नेते होते. हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षांच्या आसपास चालला. शेत पडीक ठेवून मोलमजुरीवर आणि रानातल्या लाकडांवर पोट भरणाऱ्या माणसांनी तो टिकवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. पुढे १९४९ साली खोती कायद्याने संपली. चरीच्या सभेमागे कोणताही कायदा उभा नव्हता, निधी नव्हता, सरकारी शिक्का नव्हता. सर्वांनी मिळून घेतलेला निर्णय सर्वांनी पाळावयाचा, एवढाच तिचा आधार होता.

दुसरे उदाहरण शेजारच्या पेण तालुक्यातील. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. ती ग्रामसभा नव्हती, प्रशासनाने घेतलेले जनमत होते. पण गावाच्या जमिनीबद्दल गावाला विचारले पाहिजे, हे तत्त्व त्यातून पुढे आले. पुढे तो प्रकल्प तेथे उभा राहिला नाही.

तिसरे उदाहरण दूरचे असले तरी अभ्यासनीय आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावात ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात. एखाद्या विषयावर एकमत झाले नाही तर घाईने हात वर करून मते मोजली जात नाहीत. विषय पुढील सभेपर्यंत ठेवून त्यावर पुन्हा बोलणे होते. निर्णयापूर्वी अभ्यासगटात कायदा आणि माहिती समजावून घेतली जाते. याच गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ साली आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळवले. आदिवासी पाड्यावर जे होऊ शकते ते शाळा-महाविद्यालयांनी वेढलेल्या आपल्या भागात का होऊ नये, असा प्रश्न साहजिकच मनात येतो.

चौलपुढील प्रश्न

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळाचे झाड लावल्यापासून चांगले उत्पन्न देईपर्यंत किती वर्षे जातात हे वाडीवाल्या घरातील मुलांना सांगावयास नको. पंचनामे, नुकसानभरपाई, पडलेली झाडे हलवणे, नवी रोपे असे शेकडो प्रश्न एकदम उभे राहिले. आणि नेमक्या त्याच काळात महासाथीमुळे राज्यातील ग्रामसभा स्थगित होत्या. ज्या वेळी गावाने एकत्र बसून बोलण्याची सर्वांत अधिक गरज होती, त्या वेळी बसता येत नव्हते. ग्रामसभा नसते म्हणजे काय होते याचा हा अनुभव सर्वांनी घेतला. आता ती असताना तिच्याकडे पाठ फिरवणे शोभणारे नाही.

आजही प्रश्नांची वाण नाही. सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या पर्यटकांमुळे चार पैसे मिळतात, तसा कचराही वाढतो. वाड्या विकल्या जाऊन त्यांच्या जागी बंगले उभे राहतात आणि विहिरींवरचा ताण वाढतो. मार्गशीर्षात भोवाळ्याच्या दत्ताची जत्रा भरते, तेव्हा हजारो माणसांच्या पाण्याची आणि स्वच्छतेची व्यवस्था लावावी लागते. रामेश्वराची पुष्करणी, जुनी तळी आणि पडक्या वास्तू यांची निगा हाही प्रश्न आहे. यांतील प्रत्येक विषयात कोणाचा ना कोणाचा लाभ गुंतलेला असतो, म्हणून मतभेद होणारच. ते चहाच्या टपरीवर राहण्याऐवजी सभेत यावेत आणि वहीत नोंदले जावेत, यातच गावाचे हित आहे.

काही आक्षेप

ग्रामसभेत दोन-चार वजनदार माणसेच बोलतात, भांडणे होतात, राजकीय पक्षांचे हेवेदावे निघतात, असे आक्षेप घेतले जातात. ते खोटे आहेत असे म्हणता येणार नाही. परंतु सभेत माणसे कमी असली म्हणजेच दोन-चारांचा आवाज मोठा वाटतो. भांडणाबद्दल म्हणावयाचे तर, विषयपत्रिका आधी वाचलेली आणि आकडे हाती असलेली माणसे सहसा हातघाईवर येत नाहीत; कारण त्यांना सांगण्यासारखे दुसरे काही असते. नोकरीधंद्यामुळे वेळ मिळत नाही, हा आक्षेप अधिक विचारात घेण्याजोगा आहे. मासेमारीला गेलेला कोळी, मजुरीला गेलेली बाई किंवा रोज अलिबागला ये-जा करणारा कारकून यांना दुपारची सभा गाठता येत नाही. सभेची वेळ सर्वांना सोयीची असावी, हीच मागणी ठरावाच्या रूपाने मांडता येईल.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी मोठी चळवळ उभारण्याची आवश्यकता नाही. एका गावातील चार-पाच विद्यार्थ्यांनी अभ्यासगट करावा. एकाने नोटीस उतरवून घ्यावी आणि ती आपल्या आळीत वाचून दाखवावी. दुसऱ्याने अंदाजपत्रक पाहावे. तिसऱ्याने मागील वर्षाचे ठराव क्रमवार लिहून त्यांपैकी कोणते अंमलात आले याचा तक्ता करावा. वर्गभगिनींनी महिला सभेकडे लक्ष द्यावे. वर्षाअखेर या नोंदी एकत्र केल्या तर राज्यशास्त्राचा एक चांगला प्रकल्प होईल, आणि गावालाही आपल्या कारभाराचा वर्षभराचा आलेख मिळेल. प्राध्यापकांनी अशा कामाला अंतर्गत मूल्यमापनात जागा द्यावी, अशी येथे नम्र सूचना करावीशी वाटते.

पुढील ग्रामसभेची नोटीस केव्हातरी फलकावर लागेलच. तिच्यासमोरून जाताना दोन मिनिटे थांबून ती वाचावी, विषय वहीत उतरवून घ्यावेत आणि सभेच्या दिवशी बरोबर आणखी एका शेजाऱ्याला घेऊन जावे. अभ्यासाची सुरुवात तेवढ्याने होते.